परदेशांतील मधुमेही आणि सूर्यप्रकाश

उन्हाशीं आपलें वैर जुनें आहे. उन्हांत हुंदडूं नकोस, काळा पडशील, असें मुलांना सांगावें. वैशाखांत दारें-खिडक्या लावून, वाळ्याचे पडदे सोडून बसावें. बाहेर पडणें भागच असेल तर छत्री घेऊन भिंतीच्या कडेकडेनें जावें, ही आपल्या घरांची रीत. ज्या देशांत ऊन न मागतां मिळतें आणि हवें त्याहून अधिक मिळतें, तेथें या रीतीला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु हीच रीत, हीच कातडी आणि हाच आहार बरोबर घेऊन माणूस उत्तरेकडील थंड देशांत राहावयास जातो, तेव्हां हिशेब उलटतो. त्यांतून तो मधुमेही असला, तर एका दुखण्याचीं लक्षणें दुसऱ्या दुखण्याच्या खातीं जमा होऊं लागतात, आणि खरें दुखणें वर्षानुवर्षें तसेंच राहतें. आजच्या भाषणांत या दुहेरी अडचणीविषयीं सांगावयाचें आहे. विषय परक्यांचा नाहीं. लंडनला महाराष्ट्र मंडळ १९३२ सालीं निघालें. आज सुशिक्षित मराठी कुटुंबांपैकीं पुष्कळांचें कोणी ना कोणी लंडनला, लेस्टरला वा टोरोंटोला असतें, आणि उतारवयांत आईवडिलांनीं त्यांच्याकडे जाऊन राहावें, हेंहि आतां नवलाचें उरलें नाहीं.

प्रथम थोडा भूगोल पाहूं. नंदुरबार जिल्ह्यांत शहादा तालुक्यांत ब्राह्मणपुरी नांवाचें गांव आहे. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, दक्षिणेस तापी. हें गांव मीं उदाहरणास घेतलें, तें तें महाराष्ट्राच्या उत्तर टोंकाजवळचें म्हणून. सूर्याच्या हिशेबानें पाहतां महाराष्ट्रांतल्या इतर बहुतेक गांवांना याहून अधिकच प्रकाश मिळावयाचा. ब्राह्मणपुरीचा अक्षांश सुमारें साडेएकवीस. कर्कवृत्त तिच्या उत्तरेस राहतें. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हां जुलैच्या मध्यास सूर्य येथें दोन प्रहरीं थेट डोक्यावर येतो. बरें, डिसेंबरांतील सर्वांत लहान दिवस घेतला तरी भर मध्यान्हीं सूर्य क्षितिजापासून ४५ अंश वर असतो. म्हणजे माणसाची सावली त्याच्या उंचीएवढीच पडते. आतां लंडन पाहा. अक्षांश साडेएकावन्न. त्याच दिवशीं तेथील मध्यान्हीचा सूर्य अवघा १५ अंश वर येतो. साडेपांच फूट उंचीच्या माणसाची सावली वीस फूट लांब! ग्लासगोला तर तो ११ अंशांच्या वर चढत नाहीं. ब्राह्मणपुरीला वर्षांतील सर्वांत खालचा जो मध्यान्हीचा सूर्य, त्या उंचीवर चढावयास लंडनच्या सूर्याला एप्रिल महिना उजाडावा लागतो, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर तो पुन्हां त्याखालीं जातो.

सावलीची ही मोजणी केवळ गंमत म्हणून सांगितली नाहीं. सूर्यप्रकाशांत डोळ्यांना न दिसणारे जे अतिनील किरण असतात, त्यांपैकीं एका ठराविक पट्ट्यांतले किरण त्वचेवर पडले म्हणजे त्वचेंतील एका स्निग्ध द्रव्यापासून ड जीवनसत्त्व तयार होतें. पण हेच किरण वातावरणाच्या वरच्या थरांतील ओझोन वायु शोषून घेतो. सूर्य डोक्यावर असला तर त्यांना तो थर सरळ ओलांडावा लागतो; सूर्य खालीं असला तर तिरपा, म्हणजे कित्येक पट लांबीचा. म्हणून हिवाळ्यांत लंडनला लख्ख ऊन पडलें, डोळे दिपले, तरी त्यांत कामाचे किरण जवळजवळ नसतात. अमेरिकेंत बॉस्टन येथें वेब, क्लाइन व होलिक यांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्वचेचे तुकडे स्वच्छ हिवाळी उन्हांत ठेवून पाहिले. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत त्यांत हें द्रव्य उत्पन्नच झालें नाहीं. त्याहून उत्तरेस कॅनडांतील एडमंटन येथें ही बंदी ऑक्टोबरापासून मार्चपर्यंत चालू राहिली. बॉस्टनचा अक्षांश ४२. लंडन त्याच्याहि पुष्कळ वर आहे.

त्यांत आपली कातडी. तिचा सांवळा रंग हें उष्ण देशांत निसर्गानें दिलेलें छत्र आहे. हेंच छत्र मिटतां न येण्याजोगें असल्यामुळें, गोऱ्या माणसाला जेवढें ऊन पुरतें त्याच्या कित्येक पट आपल्याला लागतें. शिवाय म्हातारपणीं त्वचेंतील मूळ द्रव्यच तरुणपणाच्या मानानें निम्म्यावर येतें. उरलेंसुरलें कांच अडविते. खिडकीशीं आरामखुर्ची टाकून शाल पांघरून आजोबा तासभर ‘ऊन खात’ बसतात, त्यांना ऊब मिळते, जीवनसत्त्व मिळत नाहीं.

त्वचेंत झालेलें किंवा अन्नांतून आलेलें ड जीवनसत्त्व जसेंच्या तसें कामाचें नसतें. त्याच्यावर पहिला संस्कार यकृतांत व दुसरा मूत्रपिंडांत होतो, आणि मग तें आंतड्यांतून चुना शोषून घेण्याच्या कामीं येतें. मूत्रपिंडाची ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम आहे.

हें सारें ज्ञान शंभर-सवाशें वर्षांतलें आहे, आणि त्याच्या इतिहासांत आपल्या नाशिक जिल्ह्याचें एक पान आहे. तें बहुधा आपल्या पाठ्यपुस्तकांत सांपडत नाहीं, म्हणून येथें जरा थांबतों. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत युरोपांतील धुरकट गिरणी-शहरांत मुडदूस घरोघरीं होता. पाय धनुष्यासारखे वांकलेलीं मुलें हें तेथील गल्लीबोळांतलें नित्याचें दृश्य. थिओबाल्ड पाम नांवाचे एक मिशनरी डॉक्टर जपानांत राहून परत आले. तिकडे हा रोग त्यांना क्वचित्च दिसला होता. ठिकठिकाणच्या डॉक्टरांची माहिती जमवून त्यांनीं १८९० सालीं लिहिलें कीं रोगाचें मूळ सूर्यप्रकाशाच्या अभावांत आहे. फारसें कोणीं ऐकलें नाहीं. पुढें पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंडांत एडवर्ड मेलनबी यांनीं घरांत कोंडलेल्या कुत्र्याच्या पिलांना मुडदूस आणून तो कॉड माशाच्या यकृताच्या तेलानें टाळून दाखविला. तर १९१९ सालीं बर्लिनला कुर्ट हुल्डशिन्स्की यांनीं मुडदुशीं मुलें पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याखालीं बसवून बरीं केलीं. एक म्हणे आहार, दुसरा म्हणे प्रकाश. वाद रंगला.

अशा वेळीं, १९२२ सालीं, हचिसन व शहा या संशोधकांनीं नाशिक जिल्ह्यांतील आपलीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. तेथें त्यांना जें दिसलें तें विलायतेच्या अगदीं उलट होतें. विलायतेंत मुडदूस गरिबांचा. येथें तो सुखवस्तु घरांतला. ज्यांच्या घरीं दूधदुभतें होतें, पण बायका पडद्यांत व तान्हीं मुलें आंतल्या खोलींत, त्यांच्यांत हाडें मऊ पडत होतीं. ज्यांची आई मुलाला पाठुंगळीं बांधून शेतांत जाई आणि ज्यांच्या ताटांत धड कांहीं नव्हतें, त्यांचीं हाडें धड होतीं. दरिद्री असूनहि धड, आणि श्रीमंत असूनहि मऊ. याचा उलगडा सूर्यावांचून होत नव्हता. त्याच वर्षीं अमेरिकेंत मॅक्कॉलम यांनीं कॉडच्या तेलांतील मुडदूसनाशक द्रव्य अ जीवनसत्त्वाहून निराळें असल्याचें दाखविलें व पुढें त्याला ‘ड’ हें अक्षर मिळालें. आहार व प्रकाश यांचा वाद मिटला. दोन्ही वाटा एकाच द्रव्याशीं येऊन मिळत होत्या.

नाशिकचा हा धडा परदेशीं जाणाऱ्यांच्या कामास आला असता. आला नाहीं. १९५० नंतर हिंदुस्थान-पाकिस्तानांतून पुष्कळ लोक ब्रिटनच्या कारखान्यांत, बससेवेंत, इस्पितळांत कामाला गेले. १९६२ सालीं ग्लासगोंत डनिगन व त्यांचे सहकारी यांनीं तेथील पाकिस्तानी कुटुंबांतील मुलांत मुडदूस व मोठ्या माणसांत हाडें मऊ पडण्याचा रोग आढळल्याचें प्रसिद्ध केलें, आणि जो रोग आपल्या देशांतून गेला असें ब्रिटिश डॉक्टर समजत होते तो नव्या पाहुण्यांच्या घरांतून पुन्हां डोकावला. लगेच आरोपी शोधला गेला, तो म्हणजे चपाती! कोंड्यासकट दळलेल्या गव्हांतील फायटिक ॲसिड चुना बांधून ठेवतें, तेव्हां तुमची पोळीच तुमच्या हाडांची वैरी, असें १९७२ च्या सुमारास मोठ्या मासिकांतून मांडलें गेलें. बोलण्यांत तथ्यांश होता, पण पोळीवरच सारा ठपका ठेवण्यांत परक्याच्या ताटाकडे बोट दाखविण्याची हौस अधिक होती, असें मला वाटतें. १९७३ सालीं लंडनच्या डेंट व सहकाऱ्यांनीं एका हिंदी रोग्याला पोळ्या चालूच ठेवून केवळ अतिनील किरण दिले. हाडें भरून आलीं. पोळी सुटली. पुढील पाहण्यांत मात्र एक गोष्ट ठळक झाली कीं, ऊन तोकडें असेल तेथें शुद्ध शाकाहारी माणूस मांस-मासे खाणाऱ्यापेक्षां लवकर अडचणींत येतो. तेलकट मासे व अंड्यांतील बलक सोडल्यास ड जीवनसत्त्व अन्नांत फारसें नसतेंच. आपल्या वरण-भात-भाजी-पोळींत तें जवळजवळ नाहीं, आणि साध्या दुधांतहि नांवापुरतेंच.

आतां मधुमेहाकडे वळूं. लंडनच्या पश्चिमेस साउथॉल येथें हिंदी लोकांची मोठी वस्ती आहे. तेथें मॅथर व कीन यांनीं घरोघर चौकशी करून १९८५ सालीं प्रसिद्ध केलें कीं, वयाचा फरक जमेस धरतां मधुमेहाचें प्रमाण शेजारच्या युरोपियनांपेक्षां आपल्या लोकांत जवळजवळ चौपट आहे. असें कां, याचें एक उत्तर पुण्याहून मिळालें. के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ मासिकांत स्वतःचींच छायाचित्रें छापलीं. उंचीशीं वजनाचें गुणोत्तर दोघांचेंहि तंतोतंत सारखें, २२.३. पण शरीरांतील चरबी युडकिन यांच्यांत शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या शरीरांत शेंकडा २१.२! दिसावयास सडपातळ, आंतून मात्र चरबीचा सांठा, अशी आपली ठेवण आहे, आणि ती मधुमेहाला अनुकूल आहे. या चरबीचा आपल्या विषयाशीं आणखीहि एक संबंध आहे. ड जीवनसत्त्व चरबींत विरघळतें. चरबी जितकी अधिक तितकें तें तिच्यांत विखुरलें जातें आणि रक्तांत कमी उरतें. म्हणजे मधुमेह आणि या जीवनसत्त्वाची उणीव हीं दोन्ही एकाच देहांत नांदण्याची सोय आधींच झालेली असते. त्यांत स्थलांतर येऊन मिळतें.

दोन गोष्टी एके ठिकाणीं दिसल्या म्हणजे एक दुसरीचें कारण असावी, असें मनाला वाटतें. तसें वाटावयास आधारहि होता. उंदरांत ड जीवनसत्त्वाची उणीव केली असतां स्वादुपिंडांतून इन्शुलिन कमी स्रवतें, हें १९८० सालीं अमेरिकेंत दिसून आलें होतें. पूर्व लंडनमधील आशियाई लोकांत बार्बरा बाउचर व सहकाऱ्यांना १९९५ सालीं तसाच संबंध आढळला. मग काय, ड जीवनसत्त्व घ्या आणि साखर घालवा, अशी हांकाटी सुरू झाली. ती अजून चालू आहे. तिची कसोटी अमेरिकेंत लागली. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या २,४२३ माणसांपैकीं निम्म्यांना रोज ४,००० युनिट ड जीवनसत्त्व व निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी देऊन सुमारें अडीच वर्षें पाहिलें. २०१९ सालीं निकाल लागला: गोळी घेणाऱ्यांपैकीं २९३ जणांना मधुमेह झाला, न घेणाऱ्यांपैकीं ३२३ जणांना. हा फरक योगायोगानेंहि पडला असतां, इतका लहान. पुढें २०२३ सालीं अशा तीन चांचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हां उंबरठ्यावरच्या लोकांत धोका शेंकडा १५ नें कमी झाल्यासारखा दिसला. म्हणजे अगदींच शून्य नव्हे. पण ज्याला मधुमेह झालाच आहे, त्याची साखर या गोळीनें भरीव उतरते असें चांचण्यांतून दिसलेलें नाहीं.

आणि त्याहून मोठी साक्ष एका बेटाची आहे. मॉरिशस दक्षिणेस वीस अंशांवर आहे. ब्राह्मणपुरी उत्तरेस जेवढी, जवळजवळ तेवढेंच. एकोणिसाव्या शतकांत मुंबई बंदरांतून तेथें गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आज तेथें नांदत आहेत. उन्हाला तोटा नाहीं. तरीहि १९८७ च्या पाहणींत त्या बेटावर हिंदु, मुसलमान, क्रिओल, चिनी अशा सर्व समाजांत मधुमेहाचें प्रमाण मोठें आढळलें. सूर्य मधुमेहापासून वांचवीत असता तर मॉरिशस वांचलें असतें.

मग परदेशांतील मधुमेह्यानें ड जीवनसत्त्वाची चिंता कां करावी? हाडांसाठीं आणि स्नायूंसाठीं. येथेंच खरा घोटाळा होतो. या जीवनसत्त्वाची उणीव प्रौढ माणसांत कशी दिसते? कंबर, बरगड्या, मांड्या ठणकतात. जमिनीवरून उठतांना हात टेकावा लागतो. जिना चढतांना मांड्यांत बळ नाहींसें वाटतें. चाल डुलकी होते. मधुमेही घरांत हीं लक्षणें ऐकलीं म्हणजे उत्तर ठरलेलें असतें: ‘साखर वाढली असेल’, ‘साखरेनें शिरा गेल्या’, ‘आतां वय झालें’. डॉक्टर साखर पाहतात. ती थोडी वाढलेली असतेच. औषध वाढतें आणि ठणका राहतो. त्यांतून परभाषेंत, पांच-दहा मिनिटांच्या भेटींत, आईला ‘अंग मोडून येतें’ हें समजावून सांगतां येत नाहीं, आणि दुभाषाचें काम करणारा मुलगा तें ‘थकवा’ म्हणून भाषांतरतो. उलट मधुमेही माणसाचें हाड मुळांतच थोडें ठिसूळ असतें, यंत्रानें घनता चांगली दाखविली तरी; पायांचा स्पर्श कमी झालेला, दृष्टि मंदावलेली, कधीं इन्शुलिननें साखर एकाएकीं उतरून घेरी आलेली, अशा माणसाच्या मांड्यांतलें बळहि गेलें तर तो पडावयाचाच. बर्फानें निसरडी झालेली पायरी आणि मोडलेला खुबा यांच्यामध्यें मग अंतर फार राहत नाहीं. तळपायांना मुंग्या येणें ही मात्र ड जीवनसत्त्वाची खूण नव्हे. ती मधुमेहाची असूं शकते, किंवा मेटफॉर्मिन हें औषध वर्षानुवर्षें घेणाऱ्या शाकाहारी माणसांत ब-१२ जीवनसत्त्व घटल्याचीहि. तें रक्त निराळें तपासावें लागतें.

रक्ततपासणीवरून आठवलें. आपल्याकडील अहवालांत ड जीवनसत्त्वाचा आंकडा नॅनोग्रॅमच्या मापांत देतात, ब्रिटन-कॅनडांत नॅनोमोलच्या. पहिल्याला अडीचनें गुणलें म्हणजे दुसरा मिळतो. आपल्याकडील २० म्हणजे तिकडील ५०, आणि याच्या आसपास पुरेशाची सीमा धरतात. नाशिकच्या अहवालांत ३० वाचून निश्चिंत झालेले गृहस्थ लेस्टरच्या अहवालांतहि ३० पाहून निश्चिंत राहतात. वस्तुतः तो आंकडा आपल्या मापानें १२ असतो, म्हणजे तिजोरी रिकामी. रक्तशर्करेचेंहि असेंच आहे. तेथें गुणक १८. जातांना जुने अहवाल बरोबर न्यावे आणि मापाचें नांव वाचल्यावांचून आंकडा वाचूं नये.

उपाय स्वस्त आहे. ब्रिटिश सरकारनें २०१६ सालापासून शरदांत व हिवाळ्यांत सर्वांनींच, आणि ज्यांचा वर्ण सांवळा आहे किंवा जे फारसे घराबाहेर पडत नाहींत त्यांनीं वर्षभर, रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा असें सांगितलें आहे. ही उणीव टाळण्याची मात्रा झाली. भरून काढण्याची मात्रा अधिक असते व ती डॉक्टरांनीं ठरवावयाची. कॅनडांत गाईच्या दुधांत हें जीवनसत्त्व घालणें कायद्यानें आवश्यक आहे. ब्रिटनमध्यें साध्या दुधांत तें सहसा घातलेलें नसतें. म्हणून टोरोंटोच्या बहिणीचा सल्ला लंडनच्या भावाला लागू पडेलच असें नाहीं. उन्हाळ्यांत मात्र एप्रिलअखेरपासून ऑगस्टपर्यंत, सावली आपल्या उंचीहून आंखूड असेल तेव्हां, हात व पाय उघडे ठेवून बागेंत बसावें. उन्हानें हें जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर होत नाहीं. जास्त झालेलें त्वचाच निरुपयोगी द्रव्यांत पालटून टाकते.

गोळीला असा लगाम नाहीं. हें निक्षून सांगावयास हवें, कारण आपल्याकडून परदेशीं जातांना सामानांत लोणच्याबरोबर ६०,००० युनिटांच्या पुड्याहि जातात. ती पुडी आठवड्याची असते, तीहि ठरलेल्या मुदतीपुरती. कोणी ती रोज घेतो, कोणी पुरे झाल्यावरहि चालू ठेवतो. मग रक्तांत चुना वाढतो. ब्रिटनमध्यें १९५० नंतरच्या दशकांत बाळांच्या दुधांत व खाद्यांत हें जीवनसत्त्व सढळ हातानें घातल्यामुळें कांहीं तान्ह्या मुलांत असेंच झालें आणि सरकारला प्रमाण कमी करावें लागलें. मधुमेह्याच्या बाबतींत धोका अधिक फसवा आहे. रक्तांत चुना वाढल्याचीं पहिलीं लक्षणें कोणतीं? तहान आणि वारंवार लघवी. घरचे लोक पुन्हां म्हणणार, ‘साखर वाढली’. मळमळ, बद्धकोष्ठ, गुंगी हीं बरोबर आलीं आणि साखर तेवढी वाढलेली नसली, तर पुड्यांचा डबा डॉक्टरांपुढें ठेवावा. मूत्रपिंड दुखावलेल्या मधुमेह्यानें तर स्वतःच्या मनानें कांहींच घेऊं नये. वर सांगितलेला दुसरा संस्कार त्याच्या शरीरांत नीट होत नाहीं, आणि त्याला पुष्कळदां निराळ्या रूपांतलें औषध द्यावें लागतें.

आणखी एक बारीकशी अडचण. कांहीं वृद्ध मंडळी ही गोळी हातीं आल्यावर विचारतात, ‘ही कशाची?’ प्रश्न रास्त आहे. बाजारांतील ड-३ बहुधा मेंढीच्या लोकरींतील मेणापासून करतात, आणि मऊ कॅप्सूलचें आवरण पुष्कळदां जिलेटिनचें, म्हणजे प्राण्यांच्या हाडांचें-कातड्याचें असतें. ज्यांना तें चालत नाहीं त्यांनीं औषध बाजूला ठेवून गप्प बसण्याचें कारण नाहीं. दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतींपासून केलेलें ड-३ मिळतें, यीस्टपासून केलेलें ड-२ मिळतें, आणि तेलांतले थेंबहि मिळतात. ते सकाळच्या दुधांत नव्हे, जेवतांना भातावर घ्यावे, कारण स्निग्ध अन्नाबरोबर ते अधिक चांगले लागूं पडतात.